जुन्या गोव्यात मराठीचा शोध

पिरंगुटहून गोव्याला निघालेली मंडळी सहसा चांदणी चौक गाठून कोल्हापूरचा महामार्ग धरतात. आम्ही गाडी उलट दिशेला वळवली. पौड, मुळशीचा जलाशय, ताम्हिणी घाट, माणगाव आणि मग कोकणातून दक्षिणेकडे, असा हा लांबचा रस्ता. घाई नव्हती. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. वाङ्मयेतिहासाचा तास घेताना दरवर्षी एका वाक्यापाशी आम्ही अडखळतो. ‘फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण रचले’ हे ते वाक्य. विद्यार्थी ते लिहून घेतात आणि पुढे सरकतात, आम्हीही सरकतो. ज्या शहराच्या छायेत ते पुराण घडले ते शहर डोळ्यांखालून घालावे, एवढाच या प्रवासाचा हेतू होता.

पौडच्या अलीकडे एका टपरीवर न्याहारी केली. बटाटेवडा. हा पदार्थ जितका मराठी तितका त्यातला पहिला शब्द परका. ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला हे सर्वांना ठाऊक असते. पण पोर्तुगीजांचाही तो नव्हे. कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला आणि आसपासच्या बेटांवर राहणाऱ्या ताइनो लोकांचा तो शब्द, आणि तोही मुळात रताळ्याचा. कोलंबसाच्या मागोमाग स्पॅनिश लोक त्या बेटांवर उतरले आणि जेमतेम पन्नास वर्षांत रोगराईने, वेठबिगारीने व कत्तलींनी ताइनो समाज उद्ध्वस्त झाला. भाषा बोलणारे गेले, काही शब्द तेवढे जहाजांत बसून जगभर फिरले. त्यांतला एक मुळशी तालुक्यातल्या कढईत तळला जातो.

त्याच हिस्पानिओला बेटावर ओसामा नदीच्या मुखाशी सांतो दोमिंगो हे शहर आहे. कोलंबसाच्या भावाने, बार्तोलोमेने, ते वसवले. १५०२ च्या चक्रीवादळात ते मोडले, तेव्हा गव्हर्नर ओव्हान्दोने नदीच्या पश्चिम तीरावर पुन्हा उभे केले. अमेरिका खंडातली युरोपीय वसाहतवाद्यांची ही पहिली मोठी राजधानी, आणि त्या गोलार्धातली आजवर अखंड नांदती राहिलेली त्यांची सर्वांत जुनी वसाहत. सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांची नगररचना, नव्या जगातले पहिले कॅथीड्रल, राजप्रतिनिधीचा वाडा, सगळे तिथे आहे. आम्ही सांतो दोमिंगो पाहिलेले नाही, पाहण्याचा संभवही दिसत नाही. पण नकाशे आणि छायाचित्रे पाहताना राहून राहून एक गोष्ट जाणवत होती. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपबाहेरचे जग आपसांत वाटून घेतले. त्या वाटणीतून पश्चिमेला जी राजधानी उगवली तिचे पूर्वेकडचे भावंड म्हणजे आपले जुने गोवे. जांभ्याच्या दगडातले, मांडवीच्या काठचे. फरक एवढाच, की ओसामाकाठची राजधानी अजून राजधानी आहे आणि मांडवीकाठची मेली.

पणजीहून जुन्या गोव्याला रायबंदरच्या बांधावरून जावे. १६३० च्या दशकात लिन्यारेसच्या कोंदने, म्हणजे तेव्हाच्या व्हाइसरॉयने, बांधलेला हा लांबलचक सेतुमार्ग मिठागरांच्या कडेने जातो. त्या काळी तो राजधानीच्या बाहेर पडण्याचा रस्ता होता. आता तोच राजधानीतून तिच्या मढ्याकडे जातो.

अफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून हे बंदर कायमचे हिसकावले. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी पूर्वेकडल्या साऱ्या मुलखाचे मुख्य ठाणे कोचीनहून इथे आणले. मोझांबिकपासून मकावपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार या एका नदीकाठच्या शहरातून चाले. गोवे पाहिलेल्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, असे त्या वेळी म्हणत. डच प्रवासी लिन्स्खोतेन १५८३ ते १५८८ या काळात इथे राहिला, त्याने या शहराचे चित्रवत नकाशे आणि वर्णने मागे ठेवली. राजरस्त्यावर रोज सकाळी भरणारा लिलावाचा बाजार त्याने पाहिला होता. तिथे अरबी घोडे, मसाले, रेशीम विकले जाई आणि माणसेही विकली जात. वाचकांनी हे विसरू नये, कारण पर्यटकांच्या छायाचित्रांत मावते ती फक्त रेशमाची बाजू.

बों जेझुच्या बाझिलिकेपाशी नेहमीप्रमाणे गर्दी होती. १५९४ मध्ये बांधायला घेतलेले आणि १६०५ मध्ये पावन केलेले हे मंदिर तांबड्या उघड्या जांभ्याचे आहे, आणि त्या तांबडेपणामुळेच ते फार जुने भासते. गंमत अशी, की हा उघडेपणा अलीकडचा आहे. जुन्या गोव्यातल्या इतर चर्चांप्रमाणे यालाही चुन्याचा पांढरा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज संवर्धकांनी तो खरवडून काढला. त्याच सुमारास, १९५२ मध्ये, सांता कातारिनाचे कपेल पुन्हा बांधले गेले आणि १९५४ मध्ये व्हाइसरॉयची कमान. १९५२ हे फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूचे चारशेवे वर्ष होते. शिवाय १९४७ नंतर गोवा आपलाच हे जगाला दाखवण्याची सालाझारच्या राजवटीला निकड होती. आम्हांला वाटते, आज पर्यटक जे ‘सोळावे शतक’ पाहतात त्यावर विसाव्या शतकातल्या एका भयभीत सरकारचा हात फिरलेला आहे. ग्रंथाची हस्तलिखित प्रत पाहताना मागाहूनची शाई ओळखायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. दगडालाही ते लागू पडते.

बाझिलिकेत झेवियरचे शव चांदीच्या पेटीत आहे. दहा वर्षांतून एकदा ते दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा झाला. पण मराठी वाचकाला या पेटीपाशी थबकायला लावणारा प्रसंग वेगळा आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांच्या सैन्याने जुने गोवे शहराला लागून असलेल्या जुवे बेटावरचा किल्ला रात्रीतून घेतला. व्हाइसरॉय आल्व्होरचा कोंद फौज घेऊन गेला आणि मार खाऊन कसाबसा परतला. मराठे राजधानीच्या उंबरठ्याशी येऊन ठेपले होते. तेव्हा या व्हाइसरॉयने झेवियरची शवपेटी उघडवली, आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला आणि राज्य सांभाळण्याची विनवणी केली. मोगलांची फौज दक्षिणेत उतरल्याची वार्ता आली आणि संभाजीराजांना परतावे लागले. पोर्तुगीजांनी त्याचे श्रेय संताला दिले.

हा इतिहास आपल्याकडे वीररसात सांगितला जातो. १७३९ च्या वसईच्या विजयाशी त्याची सांगड घातली जाते आणि गोष्ट तिथे संपते. पुढच्याच वर्षी काय घडले ते फारसे कोणी सांगत नाही. २७ जून १६८४ रोजी याच आल्व्होरच्या कोंदने फर्मान काढले, की गोव्यातल्या लोकांनी आपली भाषा सोडून द्यावी, तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून घ्यावी आणि सर्व व्यवहार त्याच भाषेत करावेत. संकट टळल्याबरोबर त्याने केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक. शत्रू नदीपलीकडे होता, पण त्याची बोली अलीकडच्या प्रजेच्या तोंडी होती. तलवारीने जे जमले नाही ते भाषेच्या बाजूने करून पाहावे, असे त्याच्या मनात आले असेल काय? फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीही या फर्मानाचा आग्रह धरला होता. त्यांना स्थानिक भाषा शिकण्याचा त्रास नको होता, हे कारणही कमी खरे नसावे.

इथे कोकणी आणि मराठी यांचा जुना वाद उकरण्याची आमची इच्छा नाही. घरी बोलायची भाषा कोकणी आणि पुराणाची, पोथीची भाषा मराठी, अशी वाटणी त्या काळच्या तिसवाडी-साष्टीत दिसते. फर्मानाने दोन्हींवर एकच काट मारली.

या फर्मानाआधीची सव्वाशे वर्षे पाहिली म्हणजे त्याची विपरीतता ध्यानात येते. १५५६ मध्ये इथल्या सेंट पॉल महाविद्यालयात छापखाना आला. खिळ्यांनी छापणारा आशियातला हा पहिला युरोपीय छापखाना. तो खरे तर इथिओपियासाठी निघाला होता, वाटेत गोव्यात राहिला तो राहिलाच. १५६३ मध्ये या शहरात गार्सिया द ओर्ता या वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा आपला संवादरूप ग्रंथ छापला. तो मूळचा ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून काढली आणि जाहीरपणे जाळली. ग्रंथ आणि त्याचा कर्ता यांना या शहराने दिलेली वागणूक अशी निरनिराळी होती.

मिशनऱ्यांना तेव्हा भाषा हवी होती. १६०६ च्या धर्मपरिषदेने गावच्या पाद्र्याला लोकभाषा यायलाच हवी असा नियम केला. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये इथेच वारला. चाळीस वर्षे तो मुख्यतः साष्टीत वावरला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रायतूरला, म्हणजे राशोलला, १६१६ मध्ये छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी मात्र रोमन. देवनागरी खिळे पाडण्याची इच्छा स्टीफन्सने १६०८ च्या एका पत्रात रोमला कळवली होती. ती पुरी झाली असती तर छापील देवनागरी मराठीचा आरंभ सांगण्यासाठी आपल्याला श्रीरामपूरला आणि १८०५ च्या विल्यम केरीच्या व्याकरणाला जावे लागले नसते.

एवढे सांगून आमच्यातला एक थांबला तर दुसरीने हरकत घेतली. आम्ही तेव्हा सांत आगुस्तीनच्या भग्न बुरुजाखाली बसलो होतो. १६०२ मध्ये पुरे झालेले हे प्रचंड चर्च १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाल्यावर ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा बुरुज. आता जांभ्याचा एक चिरफाळलेला खांब आभाळात उभा आहे. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये वाजते. (इराणात १६२४ मध्ये मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी याच अवशेषांत सापडल्या. २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. कुठली कहाणी कुठे येऊन पुरली जाते!)

तिची हरकत अशी. ख्रिस्तपुराणातली मराठीची स्तुती आपण वर्गात कौतुकाने सांगतो. परदेशी माणसाने आपल्या भाषेची महती गायिली म्हणून आपण सुखावतो. पण त्या पुराणाची गरजच का पडली? १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. पुढे बारदेश आणि साष्टीतली गेली. पोथ्या बाळगणे गुन्हा ठरले. स्टीफन्सने आपल्या काव्याच्या आरंभीच एक प्रसंग रचला आहे. रायतूरला एक धर्मांतरित ब्राह्मण त्याला विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, आता त्यांच्या जागी आम्ही वाचायचे काय? ‘त्या प्रश्नातली रिकामी जागा ज्यांनी केली, त्यांनीच ती भरली. त्या भरण्याला आपण वाङ्मयसेवा म्हणतो,’ असे तिचे म्हणणे होते.

तिसऱ्याला हे मान्य नव्हते. ओवी ही काही लादता येणारी वस्तू नाही, असे तो म्हणाला. कानाला आणि ओठाला ती जमावी लागते. स्टीफन्सने ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतली मराठी आत्मसात केल्यावाचून अकरा हजार ओव्या झाल्या नसत्या, आणि नवख्रिस्ती माणसांनी ते पुराण पिढ्यान्‌पिढ्या गायिलेही नसते. छापील पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आजवर मिळालेली नाही. पुराण टिकले ते हाताने उतरवलेल्या प्रतींत आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडात, तेही विशेषतः मंगळूरकडे स्थलांतरित झालेल्या कुटुंबांत. त्या प्रतींवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते छापले, तेही रोमन लिपीतच. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत आणले तेव्हा मूळ छपाईला तीनशे चाळीस वर्षे झाली होती. ‘सत्तेने छापले ते नाहीसे झाले, लोकांनी उतरवले ते राहिले. मग ते पुराण कोणाचे?’ असा त्याचा सवाल होता.

आम्ही वाद तिथे मिटवला नाही. पण त्याला एक तिसरी बाजू आहे आणि ती आम्हां तिघांनाही अस्वस्थ करणारी आहे. पाद्र्यांनी जप्त केलेल्या पोथ्यांतला मजकूर त्यांनी अभ्यासासाठी, खंडनासाठी रोमन लिपीत उतरवून घेतला. त्यांतल्या काही वह्या पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. रामायण-महाभारताच्या कथा, कोकणी गद्यात आणि मराठी पद्यात. सोळाव्या शतकातले कोकणी गद्य कसे होते हे आज आपल्याला कळते ते या वह्यांमुळे. गोव्यात ज्यांच्याकडून त्या पोथ्या हिसकावल्या त्यांच्याकडे काही उरले नाही. हिसकावणाऱ्याच्या कपाटात उरले. अ. का. प्रियोळकरांनी या सामग्रीवर आयुष्याची कितीतरी वर्षे घालवली. मुद्रणाचा इतिहास १९५८ मध्ये आणि इन्क्विझिशनचा १९६१ मध्ये, हे त्यांचे दोन्ही ग्रंथ एकाच माणसाने लिहावेत यात आम्हांला योगायोग दिसत नाही. प्रियोळ गावचे नाव लावणारा संशोधक छापखाना आणि न्यायासन ही एकाच चौकातली दोन घरे आहेत हे जाणून होता.

तो चौक आम्ही नंतर पाहिला. से कॅथीड्रल १५६२ ते १६१९ या काळात बांधले गेले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला. उरलेल्यात सोनेरी म्हटली जाणारी घंटा आहे. इन्क्विझिशनच्या जाहीर शिक्षांच्या दिवशी ती वाजे. शेजारीच इन्क्विझिशनचा वाडा होता, पूर्वीचा आदिलशाही महाल. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत, म्हणजे मोठे घर. न्यायालयाचे नाव उच्चारायचे नाही म्हणून नुसते ‘मोठे घर’. देलों या फ्रेंच वैद्याने तिथल्या कोठडीचा वृत्तांत १६८७ मध्ये युरोपात प्रसिद्ध केला. १५६० मध्ये आलेले हे न्यायासन मधल्या थोड्या वर्षांचा अपवाद सोडता १८१२ पर्यंत चालले. वाड्याचा आता दगडही जागेवर नाही. हिरवळ आहे, माळी पाणी घालत होता.

शहर मेले ते मात्र कोणाच्या तलवारीने नव्हे. पटकी आणि हिवताप यांनी ते पोखरले. विहिरींचे पाणी नासले, डचांनी समुद्रातला व्यापार तोडला. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेला, १७५९ मध्ये पणजीला. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली तेव्हा जुन्या गोव्यात पाद्री आणि माड याखेरीज फारसे कोणी नव्हते. रिकाम्या वाड्यांचे चिरे नव्या शहराच्या बांधकामाला गेले. छापखानेही सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच थंडावले होते आणि १८२१ पर्यंत गोव्यात पुन्हा छपाई झाली नाही. भाषा मना करणाऱ्या राज्याला अखेर आपल्याही भाषेत छापण्यासारखे काही उरले नाही.

व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरले की मांडवीचा धक्का लागतो. पलीकडे दिवाडी बेट. फेरीबोटीतून पाच-दहा मिनिटांत आम्ही तिथे पोचलो. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर या बेटावर होता. देऊळ पाडल्यावर तो नदीपलीकडे नार्व्याला नेला गेला आणि १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी तिथे त्याचे मंदिर उभारवले. धक्क्यावरून मागे पाहिले तर माडांच्या वर फक्त मनोरे आणि घुमट दिसत होते. नदीवरून येणाऱ्या जहाजाला ही राजधानी अशीच दिसत असणार, रस्त्यांवाचून, माणसांवाचून.

शेवटी आम्ही सेंट पॉल महाविद्यालयाकडे गेलो. १५५६ चा छापखाना इथला. एकोणिसाव्या शतकात ती इमारत पाडली गेली आणि दर्शनी भिंतीतली एक कमान तेवढी राहिली. रस्त्याच्या कडेला, झुडपांत, कशालाही न जोडलेली. पर्यटकांच्या गाड्या इथे थांबत नाहीत. आमच्याजवळ ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती होती. हरकत घेणारीनेच ती उघडली आणि मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मोठ्याने वाचल्या, पोथी वाचावी तशा, संथ चालीत. मधून मालमोटार गेली की थांबावे लागे. डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई कमानीच्या सावलीला टेकली होती. तिने चार ओव्या ऐकल्या आणि विचारले, ‘कसलें पुराण तें?’ आम्ही नाव सांगितले. तिने मान हलवली, पाटी उचलली आणि म्हणाली, तिच्या सासूला असले बरेच काही पाठ होते, पण ते विठ्ठलाचे.